सदतीस जणींची एक गुणपत्रिका

गेली चौदा वर्षं मी लोकांच्या वेबसाइटी बांधते आणि बिघडल्या की दुरुस्त करते. त्यातली निदान दहा वर्षं तरी मला या कामाचा उबग आलेला आहे. हे कुणाजवळ बोललं की समोरचा म्हणतो, "अहो, बसून तर काम आहे." बसून करायच्या कामाची शिसारी येत नाही, असं या लोकांना कुणी सांगितलं कुणास ठाऊक. आमच्या कामातली घाण डोळ्यांना दिसत नाही एवढंच. वास यायचा तो येतोच.

आमचं ऑफिस बुधवार पेठेत आहे. खाली वायरी, स्पीकर आणि रिमोट विकणारी दुकानं, आणि दोन जिने चढून गेलं की आम्ही. जिन्याच्या कोपऱ्यांत लोकांनी थुंकू नये म्हणून कुणीतरी देवांच्या टाइल्स बसवल्या आहेत. लोक देवांना वळसा घालून थुंकतात. रोज सकाळी मी त्या टाइल्सच्या भोवतीची लाल किनार बघत वर जाते, आणि वर जाऊन जे काम करते तेही साधारण त्याच जातीचं असतं. मूळ घाण तशीच ठेवायची आणि देवांना लागली नाही याचं समाधान मानायचं.

मालक पूर्वी खालच्याच मजल्यावर रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करायचे. तो धंदा बसला तेव्हा त्यांनी वरची खोली घेऊन वेबसाइटींचं काम सुरू केलं. दुकान बदललं, पण वही तीच राहिली. जाड पुठ्ठ्याची, दोन रकान्यांची वही. डावीकडे दुखणं, उजवीकडे औषध. वहीच्या पहिल्या निम्म्या पानांवर आवाज येत नसला तर कुठला पार्ट बदलायचा, चित्र हलत असलं तर कुठला स्क्रू पिळायचा, असलं लिहिलेलं आहे. पुढच्या निम्म्या पानांवर आम्ही. मध्ये एक कोरं पानसुद्धा सोडलेलं नाही. आणि तिसरा रकाना, म्हणजे 'कारण', वहीत कधीच नव्हता. मालकांचं म्हणणं असं की गिऱ्हाइकाला आवाज हवा असतो, व्याख्यान नको असतं.

पीएचपी ही वेबसाइटी लिहायची एक जुनी भाषा. तिच्यात सगळं पहिल्यापासून लिहावं लागू नये म्हणून एक तयार सांगाडा मिळतो, त्याला फ्रेमवर्क म्हणतात. सांगाडा चांगला आहे, माझं भांडण त्याच्याशी नाही. उलट तो फार सभ्य आहे. काही बिनसलं तर काय बिनसलं, कुठल्या फाइलीत, कितव्या ओळीवर, हे तो मुकाट्याने आतल्या एका नोंदवहीत लिहून ठेवतो आणि बघणाऱ्याला फक्त पांढरं पान दाखवतो. आतली नोंद वाचायला दोन मिनिटं लागतात. पण आमच्या वहीत लिहिलंय, 'पान पांढरं येतं — तीन साते मारा.' तीन साते म्हणजे सर्व्हरवरच्या फोल्डरला सातशे सत्त्याहत्तर नंबरची परवानगी द्यायची. म्हणजे कुणीही यावं, वाचावं, लिहावं, पुसावं. पेठेतली ही माणसं स्कूटरच्या डिकीला दोन कुलपं लावतात आणि गिऱ्हाइकाचं अख्खं घर सताड उघडं टाकून जेवायला जातात. पान मात्र दिसायला लागतं.

बाकीची औषधंही याच तोलाची. 'बदल केला तरी जुनंच दिसतं — साठवलेलं सगळं पुसा.' 'माझ्याकडे चालतं, सर्व्हरवर चालत नाही — फाइलीच्या नावातलं पहिलं अक्षर मोठं करून बघा.' 'फॉर्म भरताना पान कालबाह्य झालं म्हणतं — परत भरायला सांगा.' या शेवटच्याचा मला सगळ्यात जास्त संताप यायचा. कुणी म्हातारा पेन्शनर पाऊण तास एका बोटाने फॉर्म भरतो, आणि जरा उशीर झाला म्हणून यंत्र त्याचं सगळं फेकून देतं. ती मुदत वाढवायला एक आकडा बदलावा लागतो. तो बदलण्यापेक्षा म्हाताऱ्याला परत भरायला सांगणं आम्हाला सोपं वाटतं.

एवढी नाकं मुरडते आहे, पण त्या वहीत माझ्याही हातच्या नोंदी आहेत. आठ वर्षांपूर्वी नळ आणि पाइप विकणाऱ्या एका व्यापाऱ्याची साइट मी केली. त्याच्या माहितीपत्रकांच्या नावांत कंस, तिरप्या रेघा, इंचाच्या खुणा असलं काय काय असायचं, आणि त्यामुळे फाइली उघडायच्या नाहीत. मी इंटरनेटवरून एक ओळ उचलली. ती ओळ नावातली इंग्रजी अक्षरं आणि आकडे ठेवायची, बाकी सगळं काढून टाकायची. चिकटवली, चाललं. वहीत लिहिलं, 'फाइल उघडत नाही — नाव साफ करा', आणि समोर ती ओळ. मालक म्हणाले, "शाब्बास." आमच्याकडे वहीत नोंद होणं हा मान असतो. मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं, हे आता लिहितानाही लाज वाटते.

दोन वर्षांपूर्वी वाघोलीच्या एका संस्थेचं काम आलं. बाहेरगावाहून कॉलेजसाठी येणाऱ्या मुलींचं वसतिगृह. जागा थोड्या, अर्ज ढिगाने. प्रवेश बारावीच्या गुणांवर. संस्थेचा एकच आग्रह होता, फॉर्म मराठीत हवा. मी नेहमीप्रमाणे जुन्या कामांतले तुकडे जोडून पंधरा दिवसांत साइट उभी केली. मुलीने आपलं संपूर्ण नाव लिहायचं, टक्के लिहायचे आणि गुणपत्रिकेचा फोटो किंवा पीडीएफ जोडायची. तपासणाऱ्याला सोयीचं पडावं म्हणून जोडलेल्या फाइलीला साइट आपोआप मुलीचं नाव द्यायची आणि पुढे 'गुणपत्रिका' असं इंग्रजी अक्षरांत लावायची. नाव देण्याआधी अर्थातच ते साफ करायची. मी पाच वेळा तपासलं. पाची वेळा नाव इंग्रजीत टाकलं. एकदा तर माझं स्वतःचंच टाकलं. सगळं उत्तम चाललं.

जूनमध्ये अर्ज आले, मुदत संपली, आणि चार दिवसांनी संस्थेतून फोन आला. अर्ज तपासायचं काम तिथे एक निवृत्त मुख्याध्यापक विनावेतन करायचे. अत्यंत सभ्य गृहस्थ. शिव्या द्यायच्या झाल्या तरी आपण, आपल्याला, असं म्हणून देतील.

"आपल्या वेबसाइटमुळे एक मोठं प्रकरण उघडकीला आलं आहे," ते म्हणाले. "आपले आभार मानावेत तेवढे थोडे."

प्रकरण असं होतं. सदतीस मुलींनी एकच गुणपत्रिका जोडली होती. नावं सदतीस, अर्ज सदतीस, आणि कुठलाही अर्ज उघडला तरी आत वाशीमकडच्या एकाच मुलीची गुणपत्रिका. तिला एक्क्याण्णव टक्के होते. मुख्याध्यापकांचा निष्कर्ष तयार होता. त्या मुलीनेच आपली गुणपत्रिका वाटली, ही टोळी आहे. छत्तीस अर्ज त्यांनी बाद केले होते. तिचाही केला होता, शिवाय गुरुवारी अकरा वाजता तिला पालकांसह खुलासा करायला बोलावलं होतं. खुलासा पटला नाही तर तिच्या कॉलेजला कळवणार होते. आमच्याकडून त्यांना हवा होता पुरावा. कुणी, कुठून, कसं केलं.

मालक मला म्हणाले, "अहो, काढून द्या तेवढं. संस्था चांगली आहे."

मला खोटं लिहायचं नाही, म्हणून सांगते. माझाही त्या गोष्टीवर लगेच विश्वास बसला. मी खुर्ची ओढत म्हणाले होते, "एवढं डोकं अभ्यासात घातलं असतं तर." ऑफिसातले दोघं-तिघं हसलेही.

मग मी आतल्या नोंदी उघडल्या. सदतीस अर्ज सदतीस वेगळ्या फोनांवरून आले होते. परभणी, बुलढाणा, नांदेड, करमाळा, जव्हार. अकरा दिवसांत पसरलेले. टोळी असेल तर भलतीच मेहनती. वाशीमकडच्या त्या मुलीचा अर्ज या सगळ्यांत शेवटचा होता, शेवटच्या दिवशी दुपारी पावणेपाचला. मग मी फाइलींचं फोल्डर उघडलं आणि मोजलं. जेवढे अर्ज होते त्यापेक्षा बरोबर छत्तीस फाइली कमी भरल्या. आणि यादीच्या अगदी वर एक फाइल होती, तिला नाव नव्हतं. नावाची जागा रिकामी, पुढे एक आडवी रेघ आणि 'गुणपत्रिका'. वेळ, शेवटच्या दिवशी पावणेपाच.

मी सदतीस नावं परत वाचली. आधीही वाचली होती, पण गावं आणि वेळा बघत वाचली होती. आता नुसती नावं बघितली. सदतीसही जणींनी आपलं नाव मराठीत लिहिलं होतं, बाकी सगळ्यांनी इंग्रजीत.

माझ्या ओळीने ते साफ केलं होतं. इंग्रजी अक्षर नाही, आकडा नाही, म्हणजे कचरा. पहिल्या मुलीचं नाव पुसून तिची फाइल निनावी ठेवली. दुसरीचं नाव पुसलं, तीही निनावी, म्हणून पहिलीच्या जागी दुसरीची बसली. असं करत करत सदतिसावी आली. तिच्यानंतर मुदत संपली म्हणून तिची राहिली. बाकीच्या छत्तीस गुणपत्रिका कुठे गेल्याच नव्हत्या, त्या उरल्याच नव्हत्या. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. इथे चोरही नव्हता, नुसतीच सुळी तयार होती, आणि ती मी आठ वर्षांपूर्वी शाब्बासकी घेऊन घडवली होती.

मी उठून जिन्यात जाऊन उभी राहिले. मराठी फॉर्म, मराठी संस्था, मराठी मुली, आणि फॉर्म बनवणारी मी नगरपालिकेच्या मराठी शाळेतली. दहावीच्या बोर्डाच्या फॉर्मपर्यंत इंग्रजीत नाव लिहायची माझ्यावर कधी वेळ आली नव्हती. आणि मी पाचांतल्या एकाही वेळी आपलं नाव मराठीत लिहून बघितलं नाही. सुचलंच नाही. माझं मलाच ओंगळ वाटलं.

मालकांना सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, वहीतली नोंद काढून बघितली, आणि विचारलं, "दुसऱ्या कुणाला बोललात?"

"नाही."

"मग गुरुवारी जा आणि सांगा, तांत्रिक कारणामुळे कुठून झालं ते निश्चित सांगता येत नाही. एवढंच म्हणायचं. खोटं नाही ते."

"आणि त्या मुलीचं काय?"

"पुण्यात होस्टेलांना काय तोटा आहे? आणि एक्क्याण्णव टक्क्यांची मुलगी कुठेही जाईल. अहो, रेडिओ उघडून आतली धूळ गिऱ्हाइकाला दाखवतो का आपण?"

दुसरं कुणी असतं तर मी तिथल्या तिथे तोंड सोडलं असतं. पण हे मालक. माझं इंग्रजी ऐकून तीन कंपन्यांनी मला गालातल्या गालात हसत परत पाठवलं होतं, तेव्हा यांनी माझी मुलाखत मराठीत घेतली होती. "इंग्रजी काय, मशीनला येतं," असं म्हणाले होते. त्या उपकाराखाली मी आजवरची चौदा वर्षं काढली. त्या दिवशीही मी मान हलवली आणि जागेवर जाऊन बसले. आपल्याच मानेचा इतका तिटकारा मला कधी आला नव्हता.

गुरुवारी मांजरीतल्या घरून स्कूटरने वाघोलीला गेले. वसतिगृहाच्या ऑफिसात मुख्याध्यापक टेबलामागे बसले होते, समोर सदतीस अर्जांच्या छापील प्रती, कोपरे जुळवून. बाकावर ती मुलगी आणि तिची आई. रात्रभर बसमध्ये काढून थेट आल्या होत्या. आई अंगणवाडी सेविका होती. तिच्या मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा गठ्ठा होता आणि प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी, सुबक मराठी अक्षरात. दाखला. आधार. गुणपत्रिका, मूळ.

"आपण सांगा," मुख्याध्यापक मुलीला म्हणाले, "ही गुणपत्रिका आपण कुणाकुणाला दिलीत?"

"कोणालेच नाही, सर."

"म्हणजे छत्तीस जणींकडे ती आपोआप चालत गेली."

"मले नाही मालूम, सर. माही मार्कशीट माह्या जवळच हाये."

"बाळबोध उत्तरं देऊ नका. आपण ज्या भागातून येता तिथे परीक्षांच्या वेळी काय चालतं हे आम्हाला ऐकून माहीत आहे."

मुलगी रडली नाही. तिने खाली बघितलं फक्त. आई उठून उभी राहिली.

"सर, बावीस वर्षं झाले अंगणवाडीत. एकाही लेकराचं वजन खोटं लिवलं नाही. वरून साहेब म्हणत, लिहा दोन किलो जास्त. नाही लिवलं. आन् माही पोरगी असं करन?"

"आपण बसा," ते म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. "या मॅडम तज्ज्ञ आहेत. यंत्र खोटं बोलत नाही. त्या सांगतील काय झालं ते."

मालकांचं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मी सुरुवातही केली. "तांत्रिक कारणामुळे," एवढं म्हणाले, तेवढ्यात त्या बाईने पिशवीतून एक वही काढली, पेनचं टोपण दाताने उघडलं आणि म्हणाली, "सांगा मॅडम. लिवून घेतो." माझ्याबद्दल काही शंका म्हणून नव्हे. अधिकारी बोलला की लिहून घ्यायचं, ही तिची बावीस वर्षांची सवय. मी बोललेलं ती त्या सुबक अक्षरात लिहिणार होती आणि घरी नेऊन चिठ्ठी लावून ठेवणार होती.

"सर," मी म्हणाले, "चूक आमची आहे. माझी आहे. या मुलीने काही केलेलं नाही, बाकीच्या छत्तीस जणींनीही नाही."

ते हसले. समजूतदारपणे. "आपला स्वभाव चांगला आहे. पण सदतीस अर्जांत एकच कागद?"

बोलून पटणार नाही हे दिसत होतं. मी तिथल्याच कॉम्प्युटरवर आमचा फॉर्म उघडला. सकाळी मुदत तात्पुरती उघडून ठेवली होती, आणि ते करताना मी स्वतःला सांगत होते की अशीच, लागली तर असावी म्हणून. नावाच्या जागी मुख्याध्यापकांचं पूर्ण नाव मराठीत लिहिलं आणि भिंतीवरच्या जेवणाच्या वेळापत्रकाचा फोटो जोडला. मग दुसरा अर्ज, त्या आईच्या नावाने, तोही मराठीत, तिच्या वहीच्या एका पानाचा फोटो. दोन्ही पाठवले. मग त्यांना म्हटलं, "आता आपण आपला अर्ज उघडा."

त्यांनी उघडला. त्यांच्या नावाखाली अंगणवाडीच्या बाईंची वही दिसत होती.

"यांनी आपला कागद आपल्याला वाटला," मी म्हणाले. "आता आपणही टोळीत."

हे मी बोलायला नको होतं कदाचित. पण मला बोलून फार बरं वाटलं, आणि आजही वाटतं.

त्यांनी चष्मा काढून पुसला. छापील प्रतींचे कोपरे परत जुळवले. मग ते म्हणाले, "म्हणजे नाव मराठीत लिहिलं म्हणून हे झालं."

"मराठीत लिहिलेलं आमच्या यंत्राने फेकून दिलं म्हणून झालं."

"तेच ते." मग मुलीकडे वळून अगदी मायेने म्हणाले, "पुढच्या वेळी इंग्रजीत लिहीत जा हं, बाळ. सोपं पडतं."

'आपण'वरून ते 'बाळ'वर आले, हीच त्यांची क्षमायाचना. दुसरी मिळाली नाही. तिचा प्रवेश झाला. आईने वहीत काय लिहिलं ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

बाकीच्या छत्तीस जणींना मीच तिथे बसून फोन केले, मुख्याध्यापकांच्या समोर. तांत्रिक कारण वगैरे काही नाही, चूक आमची, गुणपत्रिका परत पाठवा, असं छत्तीस वेळा म्हणाले. बहुतेकींनी पाठवल्या. दोघींनी दुसरीकडे खोल्या घेतल्या होत्या. एका मुलीचा फोन तिच्या वडिलांनी घेतला. ते म्हणाले, "आता नको मॅडम. तुमच्या संस्थेचा कागद आला व्हता, खोटी मार्कशीट लावली म्हणून. गावात समद्यांना कळलं. तिला न्हाय पाठवायची कुठं." मी पुष्कळ समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी केला तेव्हा उचलला नाही.

मालक रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "केलंत ते केलंत. काम आपल्याकडेच राहिलंय, मी बोललो त्यांच्याशी." मी साइट दुरुस्त केली. फाइलीला मुलीचं नाव न देता अर्जाचा क्रमांक द्यायचा, नावाला हातच लावायचा नाही. दहा मिनिटांचं काम. एका मुलीचं कॉलेज गेलं आणि काम दहा मिनिटांचं होतं. मग मी वही काढली आणि माझी आठ वर्षांपूर्वीची नोंद आडवी रेघ मारून खोडली.

दुसऱ्या दिवशी वहीत त्याच्या खालीच मालकांच्या अक्षरात नवी नोंद होती. 'फाइली एकमेकींत मिसळतात — नाव इंग्रजीत भरायला सांगा.' आणि साइटवर, नावाच्या चौकटीच्या वर, लाल अक्षरांत सूचना आली होती, 'कृपया आपले नाव फक्त इंग्रजीतच लिहावे.' सूचना अर्थात मराठीत.

"अहो, दुरुस्त झालंय आता," मी म्हणाले. "कुठल्याही भाषेत लिहिलं तरी चालतं. याची गरजच नाही."

"असू द्या. संस्थेनेच सांगितलंय. सेफ राहतं."

मी ती सूचना दोनदा काढली. दोन्ही वेळा संस्थेतून फोन आला आणि ती परत लागली. तिसऱ्यांदा मी काढली नाही. मला वीट आला होता, आणि वीट येणं ही फार सोयीची गोष्ट आहे, तिच्या नावाखाली माणूस काहीही सोडून देऊ शकतो.

यंदाच्या जूनमध्ये वसतिगृहाचा प्रिंटर साइटवरून छापत नाही म्हणून मी वाघोलीला गेले होते. दुपारची वेळ. व्हरांड्यात एक टेबल टाकून वसतिगृहातल्या दोन-तीन जुन्या मुली नव्यांना फॉर्म भरायला मदत करत होत्या. त्यांत वाशीमकडची ती मुलगी होती. मला बघून पटकन उठली, खुर्ची आणली, कुठूनसा चहा आणला. आईचं विचारलं तर म्हणाली, मजेत आहे, तुमची आठवण काढते. बोलणं आता पुण्याचं झालं होतं. 'मले' आणि 'माही' कुठेतरी मागे राहिलं होतं. मला त्याचंही उगाच वाईट वाटलं.

तिच्या शेजारी सतरा-अठरा वर्षांची एक पोर फोनवर फॉर्म भरत होती. आपलं नाव सावकाश, एकेक अक्षर शोधून, मराठीत लिहीत होती. वाशीमच्या मुलीने वाकून बघितलं.

"अगं, मराठीत नको टाकू. फॉर्म बाद होतो."

"आता होत नाही," मी म्हणाले. "मी केव्हाच दुरुस्त केलंय ते. तिला मराठीत लिहू दे."

तिने माझ्याकडे बघितलं. आपल्यासाठी कधीकाळी काही केलेल्या माणसाकडे बघतात तसं, आदराने. क्षणभर विचार केला.

"तुम्ही म्हणता म्हणजे झालंच असेल, मॅडम," ती म्हणाली. "पण उगाच रिस्क कशाला घ्यायची?"

त्या पोरीने मान डोलावली आणि लिहिलेलं नाव शेवटाकडून एकेक अक्षर पुसायला लागली.